सिव्हिलायझेशन ५ : रस्ता बांधणं सोपं, पोसणं अवघड

सिव्हिलायझेशन ५ हा टर्न घेत घेत शहरं वसवून साम्राज्य उभं करायचा कॉम्प्युटर गेम. गेम २०१० चा आहे, त्यानंतर नवे भाग आले तरी मी अजून सिव्ह ५ वरच आहे आणि त्याचं मोठं कारण म्हणजे रस्ते. लढाया आणि वंडर्सवर (जगप्रसिद्ध वास्तूंवर) सगळेच बोलतात, पण रस्त्याच्या प्रत्येक टाइलमागे, म्हणजे नकाशावरच्या एका घरामागे, दर टर्नला १ गोल्ड खर्च आणि रेल्वेच्या टाइलमागे २ गोल्ड, हा जो एवढासा नियम आहे ना त्याच्यावर अख्ख्या साम्राज्याचा हिशेब उभा असतो. म्हणून आज फक्त त्याच्यावरच लिहितोय. ब्रेव्ह न्यू वर्ल्ड, म्हणजे २०१३ चं एक्सपान्शन टाकून खेळताय असं धरून बोलतोय.

सिव्ह ४ मध्ये रस्त्याला मेंटेनन्स म्हणजे देखभालीचा खर्च नव्हता, त्यामुळे बांधकाम करणारा वर्कर रिकामा झाला की टाका रस्ता, मग टाइल कामाची असो नसो, आणि शेवटी नकाशावर जमीन कमी आणि रस्तेच जास्त दिसायचे. ५ मध्ये ते बंद झालं. आता रस्ता म्हणजे कायमचा खर्च, द व्हील (चाक) हे तंत्रज्ञान शोधलं की लगेच परवानगी मिळते पण परवडतो का हे आपण बघायचं, आणि मला हेच जाम आवडतं कारण नकाशाकडे बघूनच कळतं की कुठलं शहर महत्त्वाचं आहे.

आता पैसे परत कुठून येतात? शहर राजधानीला जोडलं की सिटी कनेक्शनचं गोल्ड मिळतं, आणि त्याचं गणित असं की शहराची लोकसंख्या गुणिले १.१, अधिक राजधानीची लोकसंख्या गुणिले ०.१५, वजा १. समजा राजधानी १२ लोकसंख्येची आहे आणि मधे ४ टाइल सोडून नवीन शहर वसवलंय. ते १ लोकसंख्येचं असताना जोडलं तर मिळणार १.९ आणि रस्ता खाणार ४, म्हणजे दर टर्नला २ च्या वर गोल्ड खिशातून. तेच शहर ३ चं झालं की ४.१ मिळतात, म्हणजे जेमतेम खर्च निघाला. ८ चं झालं की ९.६, आता खरी कमाई सुरू. म्हणजे वर्करला आधी शेतं आणि खाणी करू द्या, शहर वाढू द्या, रस्ता मग, आणि शहर जितकं लांब तितकं आणखी थांबा.

दुसरं म्हणजे रस्त्यांचा आकार. राजधानीपासून पहिलं शहर, तिथून पुढे दुसरं अशी साखळी केली तर दुसऱ्यासाठी फक्त मधल्या टाइलचेच पैसे लागतात आणि कनेक्शन दोन्हीचं मिळतं. पण दोन्ही शहरं राजधानीला वेगवेगळी जोडून वर एकमेकांनाही जोडली की त्या तिसऱ्या रस्त्याचं उत्पन्न शून्य, खर्च मात्र पूर्ण. सीमेवर सैन्य पटकन पोचावं म्हणून असा रस्ता ठेवणं ठीक आहे, मशिनरी हे तंत्रज्ञान आल्यावर रस्त्यावरची चाल अजून वाढते आणि तेव्हा तो लढाईत जीव वाचवतो, पण युद्ध संपलं की वर्कर पाठवून तो काढून टाका, रिमूव्ह रोडची ऑर्डर त्याच्यासाठीच आहे. बरेच जण ही ऑर्डर वापरतच नाहीत आणि मग शंभर टर्न त्या ओसाड रस्त्याचं भाडं भरत बसतात.

कनेक्शनचा फायदा नुसता गोल्डचा नाही हे पण सांगायला पाहिजे. लिबर्टी या धोरणांच्या गटातली मेरिटोक्रसी घेतली की जोडलेल्या प्रत्येक शहरामागे १ हॅपिनेस, मेसेंजर ऑफ द गॉड्स हे पँथिऑन (सुरुवातीची धर्मश्रद्धा) घेतलं की २ सायन्स. अशा वेळी २ लोकसंख्येच्या शहराला पण रस्ता परवडतो, गोल्डमध्ये थोडं नुकसान झालं तरी. म्हणजे एकच उत्तर सगळ्या गेमना लागू होत नाही, हे डिझाइन करणाऱ्यांनी फार सुंदर जमवलंय.

इंका संस्कृती घेऊन खेळून बघाच. टेकडीच्या टाइलवर त्यांना मेंटेनन्स शून्य आणि बाकी ठिकाणी अर्धा, त्यामुळे टेकड्यांमध्ये शहरं वसवत गेलं की रस्ते जवळजवळ फुकटात पडतात, आणि शहरापासून २ टाइलच्या आत आपल्या हद्दीत पर्वत असेल तर माचू पिचू हे वंडर बांधून कनेक्शनच्या गोल्डवर वर २५% घ्या. इरोक्वॉय लोकांना स्वतःच्या हद्दीतलं जंगलच रस्त्यासारखं चालतं, द व्हील नंतर त्यातून कनेक्शनसुद्धा होतं, फक्त जंगल तोडताना भान ठेवावं लागतं. कार्थेजला किनाऱ्यावरच्या शहरात हार्बर (बंदर) फुकट मिळतं, म्हणजे जोडणी समुद्रातून, टाइलचा प्रश्नच नाही. एकाच नियमातून तीन संस्कृती इतक्या वेगळ्या खेळता येतात, याला म्हणतात गेम डिझाइन!

रेल्वेबद्दल माझं मत जरा कडक आहे. राजधानीशी रेल्वेने जोडलेल्या शहराला २५% प्रॉडक्शन मिळतं, चांगलंच आहे, पण २० टाइल म्हणजे ४० गोल्ड दर टर्नला, आणि हे ज्या शहरात मुळात प्रॉडक्शन आहे तिथेच परवडतं. बर्फातल्या ४ लोकसंख्येच्या शहराला रेल्वे नेऊ नका, साधा रस्ता पुरे. कॉमर्स या धोरणांच्या गटातली वॅगन ट्रेन्स घेतली तर रस्ते आणि रेल्वे दोन्हीचा मेंटेनन्स निम्मा होतो, साम्राज्य पसरलेलं असेल तर मी ती आवर्जून घेतो.

नावडलेली गोष्ट एकच पण मोठी. एफ २ दाबून इकॉनॉमिक ओव्हरव्ह्यू उघडला की टाइल इम्प्रूव्हमेंटचा एकच एकत्र आकडा दिसतो, कुठला रस्ता किती खातोय हे कुठेच नाही, ते आपणच टाइल मोजून काढायचं. एवढ्या चांगल्या नियमाला एवढा अर्धवट स्क्रीन नको होता. आणि तिजोरी रिकामी होऊन उत्पन्न उणे गेलं की तूट सायन्समधून कापली जाते, त्यामुळे नवीन खेळणाऱ्याला वाटतं संशोधन मंदावलंय, खरं कारण तिकडे रस्त्यात असतं.

सिव्ह ६ मध्ये ट्रेडर (व्यापारी) गेला की रस्ता आपोआप होतो आणि मेंटेनन्स नाही. सोय आहे, पण निर्णय गेला, म्हणून मला ५ च बरा वाटतो. सेलमध्ये कम्प्लीट एडिशन बरंच स्वस्त मिळतं, तेच घ्या, आणि वर्कर ऑटोमेटवर टाकू नका, रस्ता कुठून न्यायचा हे स्वतः ठरवा.