टायरवर 'इनसाइड' बाहेरून दिसत होतं, तरी १,४३,७०० रुपये गेले

आधी आकडा सांगतो, हसायचं ते हसून घ्या. चार टायर, प्रत्येकी १४,५०० प्रमाणे ५८,०००. कॉइलओव्हरचा, म्हणजे स्प्रिंग-शॉकरचा, सेट ७२,०००. पुढच्या कॅम्बर प्लेट, म्हणजे चाकाचा तिरकेपणा बदलणाऱ्या पट्ट्या, ९,५००. फिटिंग आणि अलाइनमेंट ४,२००. एकूण १,४३,७००. आणि मी पोटापाण्यासाठी एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. रबरी गॅस्केटची मुदत संपली की खोकं परत पाठवणारा माणूस मीच.

गाडी जुनी पोलो, ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मोकळ्या मैदानात शंकूंमधून एकेक गाडी पळवतात तो खेळ. गॅरेज नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीतलं, नाव लिहीत नाही, वकिलाने तोंड बांधलंय. मालक आपला मराठी माणूस, म्हणून थोडा जास्तच विरघळलो, खोटं कशाला बोलू? आणि त्याला विषय येत होता हो! "साहेब, पुढे ५ किलोची स्प्रिंग, मागे ६ ची. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, मागचं कडक केलं की नाक वळतं." बरोबर आहे (५ किलोची म्हणजे दर मिलिमीटर दबायला ५ किलो भार लागणारी). "टायर १९५/५० आर १५ घ्या, ट्रेडवेअर २००." म्हणजे मऊ, पकड धरणारं रबर. तेही बरोबर. अडाणी ठग असता तर मी तिथूनच उठलो असतो.

जीएसटी वाचेल म्हणून पक्कं बिल घेतलं नाही. यूपीआयने एका दिवसात लाखाच्या वर जाईना, म्हणून १,००,००० मोबाइलवरून आणि ४३,७०० रोख दिले. खातं कुठल्यातरी बाईंच्या नावावर होतं. "शेरा काही लिहू नका साहेब, हिशेबाला त्रास होतो." नाही लिहिला. तुम्ही लिहा. 'चार टायर, अमुक साइज, नवे' एवढं तरी लिहा. क्रेडिट कार्ड घेत नसेल तर तिथून चपला घाला.

आता तो क्षण. रोज रात्री आठवतो. मशीनवर पहिला टायर चढत होता. पोरगा तो सरळ बसवत होता, तेवढ्यात मालक आतून ओरडला, "उलटा लाव रे!" मी ऐकलं. मान वळवली. आणि नेमका त्याच वेळी हातात कटिंग आली, "घ्या साहेब." मी चहा घेतला.

पुढचे पंधरा दिवस गाडी मी स्वतः धुतली. प्रत्येक टायरच्या बाहेरच्या अंगावर इंग्रजीत ठळक उमटवलेलं, 'इनसाइड'. वाचलंही. फोन केला तर म्हणाला, "निगेटिव्ह कॅम्बरला आतली कड झिजते ना, म्हणून ऑटोक्रॉसवाले उलटेच लावतात." निगेटिव्ह कॅम्बर म्हणजे चाकाचा माथा आत झुकलेला. झीज सारखी व्हावी म्हणून टायर रिमवर उलटवतात लोक, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण वापरून झिजलेले उलटवतात, कोरे नाही! असल्या, आत-बाहेर वेगळी नक्षी असलेल्या टायरची बाहेरची कड मुद्दाम जाड ठोकळ्यांची असते, कारण वळणावर सगळा भार तिच्यावर येतो. हे मला माहीत होतं. माहीत होतं.

खारघरला ऑटोक्रॉसच्या पहिल्याच फेरीत गाडी साबणावरून चालावी तशी सरळ निघून गेली. मी हवा २ पीएसआय कमी करून पाहिली, वाढवून पाहिली, टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा मारल्या. शेवटी आमच्यातला एक जुना गडी टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला आणि आतूनच म्हणाला, "दादा, हे ३७१६ आहे." म्हणजे टायर बनला २०१६ च्या सदतिसाव्या आठवड्यात. दुसराही ३७१६. तिसरा ०८१५. चौथ्यावरची तारीख घासलेली. पूर्ण तारीख बहुतेकदा टायरच्या एकाच बाजूला असते, आणि ती बाजू आत गेली की चाक काढल्याशिवाय किंवा गाडीखाली शिरल्याशिवाय दिसत नाही. वरून काळं पॉलिश. नख रुतेना. घेण्याआधी चारही टायरच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा. आयएसआयचा शिक्काही शोधा, माझ्या टायरवर तो नव्हताच.

कॉइलओव्हर मग कारखान्यात प्रेसखाली घातले. ५ किलोची स्प्रिंग १०० किलोला २० मिलिमीटर दबायला हवी, ही ३४ दबली. म्हणजे ३ किलोचीसुद्धा नाही. शॉकरचं बटण मात्र छान टकटक वाजतं. कितीही फिरवा, आत काही बदलत नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "रेसिंग करता?" शंकू, मोकळं मैदान, एका वेळी एकच गाडी, सगळं सांगितलं. दुसरा प्रश्न, "सस्पेन्शन बदललं, आरटीओची परवानगी?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला ऐकवलं गेलं. फिर्यादी मी, घाम मलाच! फसवणुकीचं ४२० जाऊन आता ३१८ आलंय, पण उत्तर जुनंच, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." दुसऱ्या दिवशी गेलो तर कालचे साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, पोच दिली नाही. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. बँकेचंही तेच, फक्त गोड आवाजात. ग्राहक तक्रारीवर उत्तर आलं की समोरची पार्टी प्रतिसाद देत नाही, सबब तक्रार बंद. अहो, प्रतिसाद देत असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? आता ग्राहक आयोगात दावा टाकलाय. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पण तिथेही आधी बिल मागतात.

आणि एकदम सगळं घेऊ नका. आधी टायर, मग अलाइनमेंट, त्यावर दोन-चार दिवस गाडी पळवा, मग स्प्रिंग-शॉकर. सगळं एकाच दिवशी बदललं की नेमकं काय खोटं आहे ते कळतच नाही. त्याने "एकदमच करून टाकू" का म्हटलं, ते मला आत्ता समजतंय.

बायको काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

परवा त्याच्या स्टेटसला नव्या गिऱ्हाइकाच्या गाडीचा फोटो होता. पांढरी, एमएच ४३. मोठा करून पाहिलं, पुढच्या टायरवर तोच शब्द बाहेरून दिसतोय. "टायर उलटे आहेत" एवढंच लिहिलं तर त्याने ब्लॉक केलं. गाडीवाले दादा, हे वाचत असाल तर खाली जाऊन चाकं बघून या.