शंभर मेगापिक्सेल आणि खारा वारा: मीडियम फॉरमॅट घेताना कशाला पैसे घालावेत

राजापूरच्या सड्यावरची (जांभ्याच्या उघड्या पठारावरची) कातळशिल्पं, विजयदुर्गाचे तट, हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव यांसाठी मीडियम फॉरमॅट, म्हणजे नेहमीच्यापेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यायचं नक्की झालं, की बहुतेकांचं बजेट बॉडी आणि एका लेन्समध्येच संपतं. ट्रायपॉड जुना चालवू, फाइल्स लॅपटॉपवर टाकू, बाकीचं मग बघू. कोकणात हे 'मग' पहिल्याच पावसाळ्यात महाग पडतं. आमचं मत ठाम आहे: दुसरी लेन्स वर्षभर थांबू द्या. आधी तीन डिस्क, कोरडी पेटी आणि किनाऱ्यावर टिकणारा ट्रायपॉड घ्या.

फाइल किती मोठी, किती लहान

फुजीफिल्म जीएफएक्स १००एस घ्या किंवा हॅसलब्लॅड एक्स२डी १००सी, सेन्सर दोन्हींचा ४३.८ × ३२.९ मिमी. फोटो साधारण ११६५० × ८७४० पिक्सेलचा, म्हणजे दहा कोटींवर पिक्सेल. १६ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट लागतात, म्हणून दाब न दिलेली (अनकॉम्प्रेस्ड) रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती, २०० एमबीच्या वर जाते. ४०० फोटोंचा दिवस झाला की ८० जीबी भरले.

जीएफएक्समध्ये इथे निवड आहे. १४ बिट लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ निवडली तर फाइल साधारण शंभर-सव्वाशे एमबीवर येते आणि चित्रातलं काहीही जात नाही. १६ बिटचा फरक दिसलाच तर फार गडद सावल्या खूप उजळवल्यावर दिसतो. किल्ल्याच्या भुयारी वाटेचं किंवा देवळाच्या गाभाऱ्याचं काम असेल तर १६ बिट ठेवा. उघड्या सड्यावर, बंदरावर, आंब्याच्या बागेत १४ बिट लॉसलेस पुरेशी आहे. आम्ही हीच कायमची सेटिंग सुचवतो. नुसती 'कॉम्प्रेस्ड' मात्र वेगळी, तिच्यात माहिती खरोखर गळते.

जीएफएक्स १००एसला एसडी कार्डाचे दोन स्लॉट आहेत. दुसरा 'बॅकअप'वर ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटो दोन्ही कार्डांवर जाईल. एक्स२डीमध्ये १ टीबीची एसएसडी आतच बसवलेली आहे आणि शिवाय सीएफएक्सप्रेस टाइप बी कार्डाचा स्लॉट आहे. आतल्या जागेच्या भरवशावर कार्ड न घालता निघू नका. होडीतून सिंधुदुर्गाला जाताना कॅमेऱ्यावर लाट आली आणि तो बंद पडला, तर आतले फोटोही दुरुस्तीच्या दुकानात जातात. कार्ड मात्र काढून खिशात टाकता येतं.

तारखेने लावायचं की गावाने

नवखे लोक 'गुहागर', 'मालवण', 'देवगड' असे फोल्डर करतात. एका दिवसात दोन गावं झाली किंवा त्याच गावी पाचव्यांदा जाणं झालं की घोळ सुरू. तारखेने लावलेलं कधी चुकत नाही. वर्षाचा फोल्डर, त्याच्या आत वर्ष-महिना-दिवस आणि पुढे गाव. एका दिवसाचा एकच फोल्डर. किल्ला, सडा, भातलावणी, दशावतार हे सगळं कीवर्डमध्ये घाला, फोल्डरमध्ये नको.

कॅमेऱ्याने दिलेली नावं तशीच ठेवू नका. चार आकड्यांचा नंबर ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि दोन वेगळ्या फाइल्सचं एकच नाव झालं की कॉपी करताना एक दुसरीवर चढते. इम्पोर्ट करतानाच तारीख, वेळ आणि अनुक्रमांक असं नाव द्यायला लावा. फाइलच्या नावात रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंकच ठेवा, कारण काही छपाईवाल्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नाव चौकोनी डब्बे होऊन उघडतं. कीवर्ड मात्र खुशाल मराठीत लिहा. गावांच्या रोमन स्पेलिंगची एक यादी करून भिंतीवर लावा. एकटं हर्णै तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि शोधताना त्यातली एकच तऱ्हा आठवते.

कातळशिल्पांचे फोटो बाहेर देताना फाइलमधलं जीपीएस काढून टाका. कशेळी, देवाचे गोठणे, बारसू, कुडोपी ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांचा पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे. पण साधं कुंपणही नसलेली अनेक शिल्पं आजूबाजूच्या सड्यांवर आहेत. त्यांचा नेमका बिंदू इंटरनेटवर टाकणं म्हणजे त्यांच्यावरून गाडी घालायला वाट दाखवणं. लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोर्ट करताना ठिकाणाची माहिती काढायची खूण आहे, ती कायमची लावून ठेवा.

सॉफ्टवेअरचा निर्णय अर्धा कॅमेराच घेतो. हॅसलब्लॅडच्या रॉ फाइल्स कॅप्चर वन उघडत नाही, तिथे हॅसलब्लॅडचंच फोकस (Phocus) किंवा लाइटरूम. जीएफएक्सला कॅप्चर वन आणि लाइटरूम दोन्ही चालतात. होमस्टे, हॉटेल, आंबा-काजूच्या पेट्या अशी गिऱ्हाइकाची कामं असतील तर कॅप्चर वनचं सेशन सोयीचं. फोटो आणि त्यांवरचे बदल एकाच फोल्डरमध्ये राहतात, काम संपलं की फोल्डर उचलून डिस्कवर ठेवायचा. एकच विषय दहा वर्षं साठवणाऱ्याने लाइटरूमचा कॅटलॉग घ्यावा. त्याचे स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे मूळ फाइलच्या लहान नकला, लांब बाजूला २५६० पिक्सेलचे असतात, त्यामुळे मूळ डिस्क घरी ठेवून लहान लॅपटॉपवर संस्करण करता येतं.

डिस्क, क्लाउड आणि चाकरमानी

क्लाउडचा हिशेब आधी करा. अपलोडचा वेग १० एमबीपीएस धरला तर एका दिवसाचे ८० जीबी चढायला जवळजवळ अठरा तास लागतात, तेही वीज न जाता. म्हणून क्लाउडवर निवडलेले पन्नास फोटो आणि कॅटलॉगची फाइल ठेवा. रॉ फाइल्सचं खरं घर हार्ड डिस्क.

चालू कामाला एसएसडी, साठवणीला साधी हार्ड डिस्क. उलट करू नका. एसएसडी वेगवान आहे आणि धक्का सोसते, पण वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला ती बनवलेली नाही. हार्ड डिस्कला धक्का आणि अचानक गेलेली वीज सोसत नाही, म्हणून टेबलावरची डिस्क यूपीएसवरच हवी. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइल्स आशयासह ताडून पाहा. फ्रीफाइलसिंकसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये ही सोय आहे. नुसता आकार जुळला म्हणून कार्ड फॉरमॅट करू नका.

तिसरी प्रत कोकणाबाहेर हवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरं उडाली, घरांत पाणी आलं आणि कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. एकाच घरातल्या तीन प्रती अशा वेळी एकच प्रत ठरते. आपल्याकडे यावर तयार व्यवस्था आहे: चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला गावी येतातच. भरलेली डिस्क त्यांच्याबरोबर मुंबईला पाठवायची, मागच्या खेपेची त्यांनी परत आणायची. वर्षातून दोनदा न चुकता अदलाबदल होते. डिस्कवर खडूने नव्हे, चिकटपट्टीवर तारीख लिहा.

ट्रायपॉड आणि फिल्टर

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम? कार्बन हलका, पण त्याच्या पायांतले जोड धातूचेच असतात. मीठ आत गेलं की ते अडकतात. खरी निवड पायाचे भाग घट्ट करणाऱ्या कुलपाची आहे. पिळायच्या कुलपात वाळूचा एक कण गेला तरी पाय फिरवताना कर्र असा आवाज येतो. तो आला की जबरदस्ती न करता पाय पूर्ण उघडा, गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. खटक्याच्या कुलपात वाळू डोळ्यांना दिसते, पण त्याचे स्क्रू गंजतात. पाण्यात पाय रोवून काम करणार असाल तर पिळायचं कुलूप आणि चार नव्हे, तीन भागांचा पाय. जोड जितके कमी, तितकी वाळू कमी. जांभ्याच्या सड्यावर रबरी बूट पुरतात. वारा असताना मधल्या दांड्याला पिशवी टांगली तर ती झोके घेते आणि शंभर मेगापिक्सेलमध्ये तो हेलकावा दिसतो, म्हणून पिशवी जमिनीला टेकलेली हवी.

फिल्टर ७७ मिमीचेच घ्या. फुजीच्या जीएफ ३२-६४ लेन्सला ते थेट बसतात, आणि ४५ मिमीच्या ६२ मिमी तोंडाला स्टेप-अप रिंग लावून. रिंग पितळेची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची खाऱ्या हवेत घट्ट बसून निघत नाही. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) आणि साधा संरक्षक फिल्टर यांत आधी पोलरायझर. ओल्या जांभ्यावरची, भाताच्या पात्यांवरची चमक नंतर संगणकावर काढता येत नाही.

काचेवर वाळलेलं मीठ कोरड्या कापडाने पुसू नका, ते पॉलिश पेपरसारखं घासतं. आधी डिस्टिल्ड पाण्याने ओलसर केलेलं कापड टेकवून मीठ विरघळू द्या, मग पुसा.

कोरडी पेटी

विजेचं ड्राय कॅबिनेट की रबरी कडेचा हवाबंद डबा? दोन बॉडी आणि चार लेन्स असतील तर कॅबिनेट, त्याहून कमी असेल तर डबा पुरतो. दोन्हींत आर्द्रता मोजायचा काटा हवाच. ४० ते ५० टक्के ठेवा. ६० च्या वर बुरशीला वाव मिळतो. कॅबिनेटची वीज गेली तरी दार बंद असेल तर घाई नाही, उघडझाप मात्र टाळा. कातडी पाऊच आणि फोमची बॅग पावसाळ्यात लेन्स ठेवायची जागा नाही, ती ओल धरून बसते.

डब्यात सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओल शोषल्यावर ते हिरवट पडतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नये. हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात घाला. जुलैत हे दर आठवड्याला करावं लागतं, जानेवारीत महिन्याभराने. एसी खोलीतून किंवा गाडीतून बाहेर येताना बॅगची चेन अर्धा-पाऊण तास बंदच ठेवा. थंड काचेवर दव धरलं की ते पुसून जात नाही, पुन्हा धरतं.