टॅक्सचे पैसे कन्सल्टंटच्या खात्यावर टाकताय? आधी हे वाचा

जीएसटीचं रिटर्न भरताना ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो, ते आज तपासा. तुमच्या फोनवर येत नसेल, तर पोर्टलवर तुमच्या धंद्याच्या नावापुढे दुसऱ्याच कोणाचा तरी नंबर लागलेला आहे. जीएसटी खात्याकडून येणारी प्रत्येक नोटीस आधी त्याला कळते, आणि तुम्हाला कळवायची की नाही हेही तोच ठरवतो. आमच्याकडे हे कित्येक वर्षं चाललं होतं.

शिरोली एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. शेड, गेट, मशिनचे स्टँड, फाउंड्र्यांची किरकोळ कामं. कामाचं मिस्टर बघतात, बिलं आणि बँक माझ्याकडे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सगळीकडेच धांदल होती. रजिस्ट्रेशन कसं करायचं, कुठला फॉर्म, काही सुधरत नव्हतं. तेव्हा एका जुन्या पार्टीच्या ओळखीने हा कन्सल्टंट आला. रजिस्ट्रेशन त्यानेच केलं. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचा घातला. "तुम्हाला सारखा ओटीपीचा त्रास नको वहिनी, तुम्ही धंद्याकडं बघा, सरकारचं मी बघतो." माणूस वागायला अतिशय नम्र, फोन कधी चुकवणार नाही, फी अगदी रास्त. आमच्या ओळीतल्या बऱ्याच वर्कशॉपचं काम त्याच्याकडेच होतं.

त्याने पैसे कसे खाल्ले ते नीट सांगते, कारण हा प्रकार बाहेरून अजिबात दिसत नाही.

समजा महिन्याची विक्री पाच लाखांची. १८ टक्क्यांनी त्यावर ९० हजार टॅक्स. आम्ही घेतलेल्या लोखंडावर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट ६२ हजार. म्हणजे उरलेले २८ हजार रोख, खऱ्या पैशांत, भरायचे. तो मेसेज करायचा, "वहिनी, या महिन्याचं अठ्ठावीस बसतंय. माझ्या खात्यावर टाका, बाकीच्या पार्ट्यांचं पण एकदमच भरतो." मी पैसे टाकायचे. संध्याकाळपर्यंत चलनाची पीडीएफ यायची. आकडा बरोबर, आमचा जीएसटी नंबर बरोबर. मी ती प्रिंट काढून फाईलला लावायचे.

प्रत्यक्षात तो आर-वन, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, अगदी चोख भरत होता. आमच्या गिऱ्हाइकांना त्यांच्या टू-बीत (खरेदीवर किती क्रेडिट मिळतं ते दाखवणारा पोर्टलवरचा तक्ता) आमची बिलं वेळेवर दिसत होती, त्यामुळे कोणाचं क्रेडिट अडकलं नाही आणि कोणी पेमेंट रोखलं नाही. जिथून बोंब उठली असती ती जागा त्याने सांभाळली. हात मारला तो थ्री-बीत, म्हणजे क्रेडिट वजा करून टॅक्स भरायच्या रिटर्नमध्ये. आमच्या टू-बीत ६२ हजारांचं क्रेडिट दिसत असताना त्याने ९० हजार घेतलं. ते आकडे पोर्टलवर आपोआप येतात, पण बदलता येतात. क्रेडिट वाढवलं की रोख भरायचे शून्य. रिटर्न वेळेत फाइल, लेट फी नाही, पोर्टलवर सगळं हिरवं. आमचे २८ हजार त्याच्या खात्यात.

जीएसटी खात्याच्या कॉम्प्युटरला हा फरक दिसतोच. आधी छाननीची नोटीस आली, मग कारणे दाखवा, मग आदेश. तिन्ही कागद पोर्टलवर आणि त्याच्या ईमेलवर. पहिल्या नोटिशीला त्याने आमच्या नावाने काहीतरी उत्तर दिलं, पुढच्या दोन्हींना तेही नाही. पोर्टलवर टाकलेली नोटीस कायद्याने बजावलेली धरतात. आदेशाविरुद्ध अपिलाला तीन महिने मिळतात, उशिराचं कारण पटलं तर वर एक महिना. ती मुदत आम्हाला आदेशाचा पत्ता लागायच्या आतच संपली होती.

आम्हाला कळलं ते लोखंडाच्या व्यापाऱ्याला दिलेला चेक परत आल्यावर. खात्यात शिल्लक होती. बँकेत गेले तर मॅनेजरनी जीएसटीचं पत्र पुढे केलं, वसुलीसाठी खातं गोठवलेलं.

जीएसटीच्या ऑफिसात अधिकाऱ्यांनी आमचं कॅश लेजर उघडलं. टॅक्सचा रोख भरणा जिथे जमा दिसतो ते पान. मी माझी चलनांची फाईल घेऊन बसले होते. ते महिना वाचायचे, मी चलन पुढे करायची, आणि स्क्रीनवर त्या महिन्यात काहीच नाही. मग त्यांनी माझ्याच कागदावर बोट ठेवलं. वर चौदा आकडी सीपीआयएन, म्हणजे चलन तयार केल्यावर मिळणारा नंबर होता, खाली मुदत संपण्याची तारीख. "हे चलन तयार केलेलं आहे ताई, भरलेलं नाही." चलन कोणालाही तयार करता येतं, पैसे न भरता. पंधरा दिवसांनी ते आपोआप रद्द होतं. पैसे भरले की मगच सतरा अक्षरी सीआयएन, म्हणजे भरणा झाल्याचा नंबर मिळतो. माझ्या फाईलमधल्या एकाही कागदावर सीआयएन नव्हता.

तुमच्याकडची चलनं काढून एवढंच बघा. शंका आली तर जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करताही आपला जीएसटी नंबर आणि सीपीआयएन टाकून पैसे भरले गेले की नाही ते दिसतं. "रिटर्न फाइल झालंय" एवढ्यावर समाधान मानू नका, आमचं दर महिन्याला फाइल होत होतं. भरलेल्या थ्री-बीची पीडीएफ मागा आणि तक्ता ६.१ बघा. क्रेडिटमधून किती फेडलं आणि रोख किती, हे तिथे वेगवेगळ्या रकान्यांत असतं. तुम्ही दिलेली रक्कम रोखीच्या रकान्यात हवी. क्रेडिटचा आकडा टू-बीशी ताडून बघा.

लोक मला म्हणतात, खाल्ले त्याने, मग सरकारने त्याला धरावं. कायदा तसं म्हणत नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ४८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की प्रॅक्टिशनरने (दुसऱ्यांची रिटर्न भरून देणारा नोंदणीकृत सल्लागार) भरलेल्या रिटर्नमधल्या माहितीची जबाबदारी नोंदणी असलेल्या व्यक्तीचीच राहते. म्हणजे टॅक्स पुन्हा आपणच भरायचा, त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज, आणि फसवणूक म्हणून आदेश झाला तर टॅक्सइतकाच दंड. टॅक्सचे एक लाख रुपये तीन वर्षं राहिले की व्याज ५४ हजार, दंड एक लाख, मिळून दोन लाख चोपन्न हजार. आणि मूळचा लाख आपण आधीच एकदा त्याला देऊन बसलेलो असतो!

आता माणूस निवडताना काय बघायचं. पहिल्यांदा सगळे डिग्री विचारतात. ती जरूर विचारा. कोणी स्वतःला सीए म्हणवत असेल तर सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय) साइटवर नाव शोधता येतं, आणि त्याने सही केलेल्या ताळेबंदावर किंवा सर्टिफिकेटवर अठरा अक्षरी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक असतो. २०१९ पासून तो सक्तीचा आहे आणि कोणालाही ऑनलाइन पडताळता येतो. जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणीही पोर्टलवर सापडते. सीए असेल तर इन्स्टिट्यूटच्या शिस्तपालन विभागाकडे तक्रार करता येते. नुसता कन्सल्टंटची पाटी लावून बसलेला असेल तर तो दरवाजा बंद. हा फरक मोठा आहे. तरीही सीए नसलेले कितीतरी कन्सल्टंट पै-पैचा हिशेब चोख ठेवतात, आत्ता आमचं काम बघणाऱ्या ताई सीए नाहीत.

त्यांच्याकडे काम देताना मी तीन गोष्टी सांगितल्या आणि त्यांनी मान वर न करता होकार दिला. पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल आमचा राहील, ओटीपी आम्ही देऊ. टॅक्स आमच्या बँकेतून थेट जाईल, त्यांच्या खात्यावर फक्त त्यांची फी. आणि थ्री-बी भरण्याआधी त्याचा मसुदा टू-बीसकट आम्हाला येईल. हे मागितल्यावर जो माणूस कुरकुर करेल, "एवढा विश्वास नाही का?" म्हणेल, त्याच्याकडे काम देऊ नका, मग तो कितीही जवळच्या ओळखीतला असो. नेट बँकिंग जमत नसेल तर एनईएफटी-आरटीजीएसचं चलन काढून बँकेत द्यायचं, त्यात पैसे रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर जातात. मधे माणूस लागत नाही.

नंबर आधीच त्याचा लागलेला असेल आणि तो बदलून देत नसेल तर त्याच्या पाया पडत बसू नका. आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे ओळखीची आणि धंद्याची कागदपत्रं घेऊन अर्ज द्या, ते मोबाईल-ईमेल बदलून देतात. आमचं तसंच झालं. पासवर्ड हातात आला की नोटिसांचं पान उघडायचं. तिथे दोन ठिकाणी नोटिसा असतात, 'अ‍ॅडिशनल नोटिसेस'चं पान बहुतेकांना माहीतच नसतं. आयकराच्या पोर्टलवरही कोणाचा नंबर आहे ते त्याच बैठकीत बघून घ्या.

आमची थकबाकी हप्त्यांनी चालू आहे. आयुक्तांकडे अर्ज केल्यावर जास्तीत जास्त चोवीस मासिक हप्ते मिळू शकतात, व्याज चालूच राहतं. खातं मोकळं झालंय. पोलिसांत तक्रार दिली आहे. १ जुलै २०२४ च्या आधीच्या व्यवहारांना जुनी दंड संहिता लागते आणि नंतरच्यांना न्याय संहिता, त्यामुळे कागद दोन गठ्ठ्यांत लावून द्यावे लागले. तिथे सगळ्यात उपयोगी पडलं ते आमचं बँक स्टेटमेंट, कारण प्रत्येक ट्रान्सफरला मी शेऱ्यात महिना आणि 'जीएसटी' लिहायची. ज्यांनी त्याला रोख दिले त्यांच्याकडे दाखवायला काही नाही. आमच्या ओळीतल्या दोघांची तीच अडचण झालीये, आणि त्यातल्या एकाने नवीन फोन घेताना जुने मेसेजही घालवले.

तुमचं असं काही चाललं असेल तर त्याला जाब विचारायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपचं पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून ईमेलवर पाठवून ठेवा, त्याने दिलेल्या चलनांच्या मूळ पीडीएफ वेगळ्या साठवा आणि बँकेकडून शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या. मग त्याला फोन करा.