घरचा वॉटर सॉफ्टनर आठ महिने वापरल्यावर: लक्ष ठेवायचं ते मिठाच्या टाकीवर

२५ लिटर रेझिनचा (पाणी मऊ करणारे बारीक मणी), आपोआप रिजनरेशन करणारा (मिठाच्या पाण्याने ते मणी पुन्हा ताजे करणारा) सॉफ्टनर. येणाऱ्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे जडपणा, लिटरमागे ४०० मिलिग्रॅम, घरात रोज साधारण ५०० लिटर वापर.

मीठ पाण्यात मिसळून पाणी मऊ होतं, हा समज आधी काढून टाकायला हवा. पाणी मऊ करतं ते रेझिन. त्याच्या बारीक मण्यांवर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना चिकटतात आणि सोडियम पाण्यात उतरतं. मणी भरले की मिठाचं दाट पाणी त्यांच्यातून ओढलं जातं. सोडियमचा मारा इतका असतो की कॅल्शियमला जागा सोडावी लागते, आणि ते ड्रेनमधून बाहेर जातं. मिठाचं काम एवढंच, पण ते चुकलं तर सगळं मशीन निकामी.

हिशेब असा. एका लिटर रेझिनला १२० ग्रॅम, म्हणजे एका रिजनरेशनला ३ किलो मीठ. त्यात साधारण ३,००० लिटर पाणी मऊ होतं. म्हणजे सहा दिवसांतून एकदा रिजनरेशन, महिन्याला १५ किलो मीठ. मीठ दुप्पट केलं तरी क्षमता दुप्पट होत नाही. जास्तीचं बरंचसं मीठ ड्रेनमध्येच जातं. हार्डनेस मोजून तोच आकडा मशीन चालवणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये भरावा, अंदाजाने नको.

आता बिघाडांचं. आठ महिन्यांतले जवळपास सगळे मिठाच्या टाकीतले. बारीक मीठ तळाशी चिखलासारखं बसतं आणि जाळी बुजते, म्हणून गोळ्यांचंच मीठ घ्यावं. दमट हवेत मिठाची घट्ट खापरी धरते: वरून टाकी भरलेली दिसते, खाली पोकळी असते, आणि खालच्या पाण्यापर्यंत मीठ पोचतच नाही. लाकडी दांड्याने हळूच टोचून पाहायचं. खापरी असेल तर फोडायची, टाकीच्या भिंतीला धक्का न लावता. टाकी काठोकाठ भरण्यापेक्षा अर्ध्यावर ठेवलेली बरी.

सर्वांत उपयोगी खूण: दोन रिजनरेशन झाली आणि मीठ खाली गेलंच नाही, तर खापरी तरी आहे किंवा इंजेक्टर (टाकीतलं मिठाचं पाणी ओढून घेणारा भाग) तरी तुंबलाय. इंजेक्टर तुंबला की टाकीतलं पाणी ओढलं जात नाही, पातळी वरच राहते. बायपास लावून (पाणी सॉफ्टनरला वळसा घालून), दाब सोडून तो उघडायचा आणि साध्या पाण्याने धुवायचा. भोक फार बारीक असतं, त्यात तार किंवा सुई घालू नये. भोक मोठं झालं तर ओढ कमी होते. याउलट रिजनरेशननंतर नळाला खारट पाणी आलं तर ड्रेनची नळी पिळली गेलीय का, ते आधी बघावं.

रिजनरेशन रात्रीच ठेवावं, कारण त्या वेळात नळाला जड पाणीच येतं. वीज जाऊन घड्याळ मागे पडलं की ते भर दिवसा सुरू होतं, आणि मग मशीन बिघडल्याची शंका येते.

फरक दिसतो: शॉवरची भोकं बुजत नाहीत, नळांवर नवा पांढरा थर धरत नाही, साबण निम्मा पुरतो. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) मात्र उतरत नाही, त्याची अपेक्षाच करू नये. ४०० हार्डनेस काढताना लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम सोडियम वाढतं, म्हणून स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ आणि बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढून घ्यावी. पाण्यात लोह असेल तर आधी त्याचा फिल्टर बसवावा. लोहाने माखलेलं रेझिन नुसत्या मिठाने नीट धुतलं जात नाही.