जी९२ की जी५४? व्हीएमसीवर जॉबचा झीरो देताना

व्हीएमसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनच्या) टेबलावर तीन व्हाइस (जॉब पकडायचे शिकंजे) लावून प्लेटा काढायच्या आहेत. झीरो, म्हणजे जिथून जॉबची मापं मोजायची तो बिंदू, प्रोग्रॅममध्ये जी९२ या कोडने द्यायचा, की कंट्रोलच्या (मशीनच्या कॉम्प्युटरच्या) ऑफसेट पेजवर जी५४, जी५५, जी५६ मध्ये भरायचा? भोसरीत मी काही वर्षं एका पद्धतीने काम केलं, नंतर दुसरी धरली.

जी९२ वाईट आहे असं मी म्हणणार नाही. एकच जॉब, एकदाच काढायचा, सेटिंग करणारा आणि मशीन चालवणारा एकच माणूस, तर एज फाइंडरने (कड शोधायच्या टूलने) जॉबची कड धरली, जी९२ एक्स० वाय० दिलं, काम सुरू. ऑफसेट पेज उघडायलाही नको.

पण जी९२ ने मशीन हलत नाही. टूल त्या क्षणी जिथे उभं असेल, त्याच जागेला तो आकडा चिकटतो. मला त्रास झाला तो इथेच. दुसऱ्या व्हाइसवर कटर तुटला. रिसेट केलं, कटर बदलला आणि प्रोग्रॅम वरून सुरू केला. टूल मात्र सुरुवातीच्या जागी न्यायचं राहिलं होतं. पहिल्या ओळीतल्या जी९२ ने टूल उभं होतं तीच जागा झीरो केली आणि नवा कटर थेट व्हाइसच्या जॉमध्ये (जबड्यात) घुसला. त्याआधी अलार्म कसला येणार? कंट्रोलच्या लेखी सगळं बरोबरच होतं. मग सुरुवातीच्या जागेचे एक्स-वाय मी मार्करने मशीनच्या दारावर लिहून ठेवले. तरी पाळी बदलली, लाइट गेली, जॉब मध्येच थांबला, की जीव टांगणीला. टूल कुठे उभं आहे हे दर वेळी माणसाने लक्षात ठेवायचं, हे मला पटेना.

जी५४ चा आकडा मशीनच्या झीरोपासून मोजलेला असतो आणि मेमरीत राहतो. मशीन बंद करून चालू केलं, होमिंग (मशीनने स्वतःचा झीरो शोधणं) झालं, टूल कुठेही असलं, तरी जॉबचा झीरो तिथेच. जी५४ चा धोका वेगळा: पेजवर मागच्या जॉबचा आकडा तसाच राहू शकतो. त्यासाठी कायमच्या फिक्स्चरला (जॉब पकडायच्या पक्क्या मांडणीला) मी जी१० एल२ पी१ या जी५४ भरायच्या आदेशाने आकडे प्रोग्रॅममध्येच लिहितो, आणि पहिला जॉब झेड ५० मिमी वर ठेवून हवेत चालवतो.

कंट्रोलगणिक थोडा फरक असतो, मॅन्युअल बघून घ्या. पण एकाहून जास्त व्हाइस किंवा एकाहून जास्त ऑपरेटर असतील, तर मी तरी जी५४ च घेईन.

बदल करताना जुन्या प्रोग्रॅममधली जी९२ ची ओळ शोधून काढून टाका. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर तिने सरकवलेला झीरो सहाही ऑफसेटना (जी५४ ते जी५९) लागतो. तो रद्द केला नाही, तर पेजवर जी५४ बरोबर दिसतो आणि टूल भलतीकडेच जातं.