शिलाई मशीन, अकरा महिन्यांनंतर

पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर या मशीनला एक तारा दिला असता, तिसऱ्या महिन्यात पाच. आता नवलाई ओसरली आहे आणि रागही, त्यामुळे खरं काय ते सांगता येईल.

घरून काम सुरू झालं तेव्हा जाण्यायेण्याचे दीड तास वाचले म्हणून मी खूश होतो. महिन्याभरात कळलं की ते दीड तास फोनच्या घशात जातायत. संध्याकाळी लॅपटॉप मिटायचा आणि त्याच खुर्चीत तसंच बसून राहायचं. काम संपलं हे डोक्याला कळायचं, अंगाला कळायचं नाही. गिटार तीन आठवडे टिकली. मग एका पॅन्टची शिवण उसवली, ती हाताने शिवताना अर्धा तास कसा गेला ते समजलंच नाही. तिथून मशीनचं खूळ डोक्यात शिरलं.

घेतलं ते साधं घरगुती इलेक्ट्रिक मशीन. ७० वॅटची मोटर, वजन सहा किलोच्या आसपास, बॉबीन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) समोरून घालायची. टाक्यांचे चौदा प्रकार आहेत. त्यातले मी तीन वापरतो: सरळ टीप, झिगझॅग आणि क्वचित काज. बाकीच्या अकरांची चित्रं पुढच्या पट्टीवर छान दिसतात, एवढाच त्यांचा उपयोग. खरेदी करताना टाक्यांचे प्रकार मोजत बसलात तर माझ्यासारखेच फसाल.

पहिल्याच संध्याकाळी कापडाखाली दोऱ्याचं घरटं झालं. वरून टीप देखणी, उलटवून बघावं तर खाली गुंताच गुंता. गडबड खाली दिसतेय म्हणजे दोष खालचाच, या हिशेबाने मी बॉबीनच्या डबीवरचा बारीक स्क्रू पिळला. मग आणखी पिळला. आई मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "अरे, वरचा दोरा नीट ओवलायस का ते आधी बघ." मी ऐकलं नाही. दोन दिवस घालवल्यावर माहितीपुस्तिका उघडली, आणि दोष वरचाच निघाला.

हे नीट सांगतो, कारण नव्या माणसाचं मशीन बहुतेक वेळा इथेच अडतं. सुई खाली जाऊन किंचित वर यायला लागते तेव्हा तिच्या नेढ्यापाशी दोऱ्याचा छोटा फास सुटतो. खालचा हुक तो फास पकडून बॉबीनच्या डबीभोवती फिरवून आणतो. मग वरची दांडी, ती मशीनच्या तोंडाशी सतत खालीवर होणारी, जास्तीचा दोरा मागे ओढून टाका घट्ट करते. वरच्या दोऱ्यावर ताण नसेल तर ही दांडी कापडाखालचा दोरा ओढायच्या ऐवजी रिळातूनच नवा दोरा खेचते, आणि खालचा खालीच गुंतत राहतो. हा ताण देतात दोन चकत्या. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली असलं की त्या मिटलेल्या असतात, वर उचललं की उघडतात. मी दोरा ओवत होतो फूट खाली ठेवून, त्यामुळे तो चकत्यांच्या मध्ये जातच नव्हता, कडेवरून तरंगत होता. फूट वर, मग ओवणं. बस, एवढंच.

पिळलेला स्क्रू मात्र पूर्वपदावर आणायला वेळ लागला. दोरा चिमटीत धरून डबी अधांतरी सोडायची, हलका हिसका द्यायचा. दोन-चार बोटं खाली घसरून थांबली तर ताण बरोबर. सुर्रकन जमिनीकडे गेली तर सैल, जागची हललीच नाही तर घट्ट. मधला बिंदू सापडेपर्यंत तो स्क्रू अक्षरशः केसभर फिरवावा लागतो.

ताण तपासायची आणखी एक युक्ती सवयीने हाताला लागली. वर लाल दोरा, खाली निळा, आणि चिंधीवर वीतभर टीप. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरचा ताण कमी आहे. वरच्या बाजूला निळे दिसले तर जास्त. दोन्ही रंग कापडाच्या पोटात भेटायला हवेत. दोन्ही दोरे एकाच रंगाचे घेतले तर नुसत्या डोळ्यांनी हे कळणं कठीण.

हा दोन दोऱ्यांचा टाका तसा जुनाच. टोकाशी नेढं असलेली सुई आणि खालून जाणारा दुसरा दोरा, या जोडीचं पेटंट अमेरिकेत इलायस हाउ यांनी १८४६ मध्ये घेतलं. त्याआधी १८३० मध्ये फ्रान्समध्ये तिमोनिए यांचं एकाच दोऱ्यावर साखळी टाका घालणारं मशीन आलं होतं. पोतं उघडताना योग्य टोकाने दोरा ओढला की अख्खी शिवण सरसर निघून येते ना, तो साखळी टाका. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी रोजगार जाणार या भीतीने ती मशीनं फोडून टाकली. त्या गुंत्याच्या दुसऱ्या संध्याकाळी माझ्याही मनात तेच होतं, कारण वेगळं.

सुयांबद्दल दुकानात कुणी सांगत नाही. मशीनसोबत आलेली एकच सुई मी चार महिने वापरली. तुटायची ती तुटली नाही, पण शेवटी शेवटी कापडातून जाताना 'टक टक' असा आवाज यायचा. साधारण आठेक तासांच्या शिवणकामानंतर सुई बदलावी, असा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि नवी घातल्यावर आवाज बंद झाला तेव्हा तो पटला. पाकिटावर ९०/१४ असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर. रोजच्या सुती कापडाला ही चालते, झिरझिरीत कापडाला ७५/११, जीन्सला १००/१६. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई वेगळी मिळते. तिच्याशिवाय माझे टाके मधूनच गळत होते आणि मी पुन्हा ताणाचं बटण फिरवत बसलो होतो. खोड जात नाही.

आता या मशीनची खरी मर्यादा. जीन्सची पट्टी मोडताना बाजूच्या शिवणीपाशी कापडाचे थर एकदम वाढतात. फूट त्या उंचवट्यावर चढताना पुढून वर तिरपं होतं, खालचे दाते कापड पुढे ढकलू शकत नाहीत आणि टाके एकाच जागी साचतात. मोटर घुरघुरते. पहिल्यांदा मी पेडल जोरात दाबलं आणि सुईचा तुकडा चष्म्यावर येऊन आपटला. चष्मा होता म्हणून निभावलं. तेव्हापासून उंचवटा आला की पेडलवरून पाय काढतो, तेवढ्याच जाडीची चिंधीची घडी फुटाच्या मागच्या बाजूला सरकवतो म्हणजे फूट सपाट बसतं, आणि ते सात-आठ टाके चाक हाताने फिरवून घालतो. वेळ लागतो, पण होतं. रोज जीन्स किंवा जाड कॅनव्हास शिवायचा विचार असेल तर हे हलकं मशीन घेऊ नका.

पेडलची तक्रार वेगळीच. हळू चालवावं तर चालत नाही, जरा दाबलं की उधळतं, आणि गुळगुळीत फरशीवर पायापुढे पळतं. खाली रबरी मॅट टाकल्यावर पळणं थांबलं, उधळणं आहेच. रात्री दहानंतर मी मशीन लावत नाही. टेबल लाकडी आहे, ढोलासारखं वाजतं.

जास्तीच्या बॉबीनी घेताना आपली एक बॉबीन खिशात घालून न्या. मी नुसती नजरेने ओळखून डझनभर आणल्या. रुंदी तीच होती, उंचीत थोडा फरक. त्या डबीत बसतातही आणि खडखडतातही, आणि टाका कधी घट्ट, कधी सैल. आता त्या बारा बॉबीनी भाची खेळायला घेते.

काय काय शिवलं? शर्ट शिवायचं स्वप्न होतं. एक शिवला, बाह्या अशा बसल्या की हात वर केला की अख्खा शर्ट वर. तो नाद सोडला. पडदे केले, पण कापड आधी धुतलं नव्हतं. पहिल्या धुण्यानंतर ते चार बोटं वर गेले ते अजून तसेच आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही फॅशन म्हणून सांगतो. उशांचे अभ्रे, पिशव्या, लॅपटॉपचं कव्हर जमलं. पण सगळ्यात जास्त केली ती दुरुस्ती: पट्ट्या मोडणं, उसवलेले खिसे, गेलेल्या चेनी, कमरेला थोडं सैल, थोडं घट्ट. हे काम अर्ध्या-पाऊण तासात हातावेगळं होतं आणि तेवढाच वेळ माझ्याकडे असतो.

मधले दोन महिने मात्र मशीन धूळ खात पडलं. पाहुणे येणार म्हणून कपाटात ठेवलं आणि रोज संध्याकाळी सहा किलो उचलून मांडायचा, वायर जोडायचा, पसारा काढायचा कंटाळा यायला लागला. पुन्हा फोन. शेवटी खिडकीजवळ एक अरुंद टेबल टाकून मशीन कायमचं मांडलं, वर फक्त कापड झाकलेलं. लॅपटॉप मिटला की आता खुर्ची बदलते. शिवण नसेल तरी सुईखालची पट्टी उघडून ब्रशने कापसाचा भुगा काढतो. फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत लोखंडाला लागते. तेल शिलाई मशीनचंच आणि थेंबभरच, माहितीपुस्तिकेत खुणा केल्या असतील तिथेच.

शेजारी चौकशी करतात, घेऊ का म्हणून. मी विचारतो, मांडून ठेवायला जागा आहे का? नसेल तर थांबा, असं सांगतो.

आत्ता मशीनवर बायकोच्या बॅगेची चेन अर्धी लागलेली आहे. झिपरचं फूट सापडत नाहीये, बहुधा त्या बारा बॉबीनींबरोबर भाचीच्या डब्यात गेलं असावं.