डब्ल्यूगेट की कर्ल? लाइन तुटल्यावर बघा

मराठी विकिपीडियातले सगळे लेख एकाच दाबलेल्या फाइलीत मिळतात. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या डंप सर्व्हरवर (डंप म्हणजे सगळ्या लेखांची एकत्र प्रत) ‘एमआरविकी’ नावाचं फोल्डर आहे, त्यात ती असते. इंग्रजीची तीच फाइल वीस जीबीच्या पुढे जाते. त्यामानाने मराठीची किरकोळ, पण गावी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसून उतरवायला घेतली की तीही घाम काढते. ब्राउझर ऐंशी टक्क्यांवर ‘डाउनलोड अयशस्वी’ म्हणतो आणि माणूस काळ्या खिडकीकडे, म्हणजे कमांड टाइप करायच्या टर्मिनलकडे, वळतो. तिथे फाइली उतरवणारे दोन प्रोग्रॅम आहेत, म्हणून पहिला प्रश्न हाच: डब्ल्यूगेट की कर्ल?

नेट चांगलं असेल तर काहीही घ्या, फाइल येते. दोघांचे स्वभाव कळतात ते काहीतरी बिघडल्यावर, म्हणून मी तुलना तिथूनच करतो.

दोघांचा जन्म १९९६ च्या आसपासचा. डब्ल्यूगेट लिहिला क्रोएशियाच्या ह्र्वोये निक्शिचने, रडतखडत चालणाऱ्या लाइनीवरून फाइली आणि अख्ख्या साइट घरी आणायला. कर्लचं मूळ ब्राझीलच्या राफाएल सागुलाच्या एका छोट्या प्रोग्रॅममध्ये. स्वीडनच्या डॅनिएल स्टेनबर्गला चॅटमध्ये आपोआप उत्तरं देणाऱ्या बॉटसाठी चलनांचे दर वेबवरून उचलायचे होते, म्हणून त्याने तो हाती घेतला. मार्च १९९८ मध्ये त्याचं नाव कर्ल झालं. एक हमाल, दुसरा निरोप्या. आजही दोघे तसेच वागतात.

कर्लला नुसती लिंक दिली तर तो फाइल साठवत नाही, जे येईल ते पडद्यावर ओततो. साठवायला कमांडमध्ये डॅश कॅपिटल ओ हा पर्याय लागतो. (अक्षरं लहान-मोठी सांगतोय तशीच टाका, स्मॉल ओ म्हणजे ‘नाव मी देतो’, ते वेगळं.) पत्ता बदलला असेल आणि सर्व्हर ‘पलीकडे जा’ म्हणाला, तर कर्ल जातही नाही. त्यासाठी डॅश कॅपिटल एल.

हे मी अक्कलखाती शिकलो. रात्री एका जुन्या लिंकवर, सुरुवातीला एस नसलेल्या साध्या एचटीटीपीच्या पत्त्यावर, कर्ल लावला आणि झोपलो. दोन सेकंदांत प्रॉम्प्ट, म्हणजे पुढच्या कमांडची वाट बघणारी खूण, परत आला होता, तेवढंही थांबून बघितलं नाही. सकाळी फाइल जागेवर, नाव बरोबर. उघडायला गेलो तर दाबलेली फाइल उलगडणारा बीझिपटू म्हणतो, ही बीझिपटूची फाइलच नव्हे. कॅट या कमांडने आतला मजकूर पाहिला, तर आत चार ओळींचं वेबपान: ‘३०१ मूव्हड पर्मनंटली’, म्हणजे पत्ता कायमचा बदलला. कर्लने सर्व्हरचा निरोप इमानेइतबारे लिहून घेतला होता. लिंक मेलेली असली तरी हेच होतं. ४०४ चं, म्हणजे ‘सापडलं नाही’ सांगणारं, पान तुमच्या फाइलीच्या नावाने साठवलं जातं आणि कर्ल ‘काम फत्ते’ समजून बाहेर पडतो. डॅश स्मॉल एफ लावला तर मात्र चूक मान्य करतो. डब्ल्यूगेट यातलं काहीच सांगावं लागू देत नाही. नव्या पत्त्यावर आपणहून जातो, ४०४ आलं की तसं सांगून थांबतो.

आता लाइन तुटण्याचं. डब्ल्यूगेट न सांगता वीस वेळा प्रयत्न करतो, आणि सर्व्हरला चालत असेल तर जिथे तुटलं तिथूनच पुढे ओढतो. तुम्हीच मध्ये बंद केला असेल तर त्याच फोल्डरमधून डॅश स्मॉल सी लावून पुन्हा चालवा. तो न लावल्यास तीच फाइल मागे ‘.१’ लावून पहिल्यापासून यायला लागते, आणि हे लक्षात येईपर्यंत अर्धा डेटा पॅक संपलेला असतो.

कर्ल पहिल्याच तुटीला हात वर करतो. डॅश डॅश रिट्राय आणि पुढे आकडा दिला तर पुन्हा प्रयत्न करतो, पण तेही टाइमआउट (वेळेत उत्तर न येणं) किंवा ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) सारख्या ‘तात्पुरत्या’ वाटणाऱ्या चुकांनाच. मधेच तुटलेली जोडणी त्यात धरत नाही. त्यासाठी ‘रिट्राय ऑल एरर्स’ हा वेगळा पर्याय २०२० मध्ये आला. तुटलं तिथून पुढे न्यायला डॅश कॅपिटल सी, जागा, आणि पुन्हा एक सुटा डॅश. तो शेवटचा सुटा डॅश मी आजही दोनदातून एकदा विसरतो.

डब्ल्यूगेटही धुतल्या तांदळाचा नाही. जोडणी तुटली नाही पण डेटा यायचा थांबला, तर तो पंधरा मिनिटं गप्प वाट बघतो. नऊशे सेकंद हा त्याचा ठरलेला आकडा आहे, म्हणून डॅश डॅश टाइमआउट तीसवर आणून ठेवावा. आणि लाइट जाऊन राउटरच बंद पडला तर वीस प्रयत्नही होत नाहीत. सर्व्हरचा पत्ताच सापडत नाही म्हणून तो तिथेच सोडून देतो. त्यावर ‘रिट्राय ऑन होस्ट एरर’ हा उतारा आहे.

एक सापळा दोघांनाही सारखाच. डंपच्या ‘लेटेस्ट’ लिंकवरून अर्धी फाइल आज आणली, उरलेली आठवड्याने, आणि मधल्या काळात तिथे नवा डंप आला, तर दोन वेगळ्या फाइलींचे तुकडे जोडले जातात. कुणी तक्रार करत नाही. म्हणून तारखेचं फोल्डर असलेली लिंक घ्यावी आणि शेवटी शेजारीच ठेवलेल्या एमडीफाइव्हच्या, म्हणजे प्रत्येक फाइलीवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यांच्या, यादीशी आपल्या फाइलीचा आकडा ताडून बघावा.

तुमच्या मशिनवर काय आहे, यावरही बरंच ठरतं. मॅकवर कर्ल येतो, डब्ल्यूगेट नाही. विंडोज १० मध्ये २०१८ पासून कर्ल आहे. पण विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये कर्ल आणि डब्ल्यूगेट ही दोन्ही नावं तिसऱ्याच कमांडची टोपणनावं आहेत. त्यामुळे इथे वाचलेले डॅश तिथे टाकले की लाल अक्षरांचा पाऊस पडतो. ‘कर्ल डॉट ईएक्सई’ असं पूर्ण लिहा, भांडण मिटतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायची मुभा नसेल तर कर्लच शिका, पर्याय नाही.

अख्खी साइट उतरवायची असेल, म्हणजे बंद पडायच्या बेतात असलेला स्वतःचा जुना ब्लॉग वगैरे, तर तुलना संपली. कर्ल लिंकांच्या मागे जातच नाही. डब्ल्यूगेटला डॅश स्मॉल एम, के आणि पी द्या. पानं, चित्रं येतात आणि आतल्या लिंका घरच्या घरी चालतील अशा बदलून मिळतात. मध्ये एक-दोन सेकंदांची विश्रांती घालायची, समोरच्याच्या सर्व्हरवर धाड घालू नये. जावास्क्रिप्टवर उभी असलेली साइट मात्र दोघांच्याही हाती रिकामीच लागते. उलट एपीआयशी (प्रोग्रॅमसाठी ठेवलेल्या खिडकीशी) बोलायचं, फॉर्म पाठवायचा, हेडर (उत्तरासोबत येणारी माहिती) तपासायचे, तर कर्लला तोड नाही. डब्ल्यूगेटकडून ते करून घेणं म्हणजे हमालाला पत्र लिहायला बसवणं.

आरिया-टू हा तिसरा गडी एक फाइल अनेक जोडण्यांनी ओढतो, एका सर्व्हरशी सोळापर्यंत. दर जोडणीला वेग बांधून देणाऱ्या सर्व्हरवर फरक जाणवतो. विकिमीडिया मात्र डंपसाठी एका आयपीला, म्हणजे एका नेट-पत्त्याला, मोजक्याच जोडण्या देतं, तिथे सोळा मागितल्या तर नकार येणारच.

मराठी नावांच्या फाइली हा आपला खास त्रास. लिंकमध्ये देवनागरी अक्षराच्या प्रत्येक बाइटऐवजी टक्क्याचं चिन्ह आणि एक सांकेतिक आकडा असतो. कर्ल डॅश कॅपिटल ओने फाइलीला तेच टक्क्यांचं लांबलचक नाव देतो: वाचता येत नाही, पण धड असतं. डब्ल्यूगेट ते उलगडायला जातो आणि अर्ध्यात घोटाळा करतो. ठरावीक बाइट त्याला कंट्रोल कॅरेक्टर, म्हणजे न छापली जाणारी खास खूण, वाटतात आणि तेवढेच तो पुन्हा टक्क्यांत लिहितो. ‘महाड’ नीट उतरतं, कारण त्यातल्या एकाही अक्षरात तसा बाइट नाही. ‘पुणे’ मधला उकार आणि मात्रा मात्र फुटतात. ‘रिस्ट्रिक्ट फाइल नेम्स’ ला ‘नोकंट्रोल’ ही किंमत दिली की पुणंही सुखरूप येतं. माझ्या मशिनवर ही ओळ डब्ल्यूगेटच्या सेटिंगच्या फाइलीत कायमची टाकून ठेवली आहे, टाइमआउटच्या खालीच.